धूर किती दाट होता

अंकुश गेल्यावर रश्मीच्या हातांनी तेवढं काम सोडलं नाही. बाकी तिच्यात काय चालू होतं आणि काय बंद पडलं होतं, ते तिचं तिलाही उमजत नव्हतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, विहारातून आणलेल्या सतरंज्या घड्या होऊन परत गेल्या, पाहुणे आपापल्या गावच्या एसटीत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओसरीतल्या टेबलापाशी जाऊन बसली. टेबलावर एक मिक्सर उघडा पडला होता. तिने त्याचे कार्बन बदलले, झाकण बसवलं, चालवून पाहिला आणि पुसून बाजूला ठेवला. मिक्सर कुणाचा होता ते काही केल्या आठवेना.

पवनीच्या परकोटाजवळच्या त्या गल्लीत रश्मीची ओसरी हेच दुकान. भंडाऱ्याला आयटीआयमध्ये तिने इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं. वर्गात मुली दोनच होत्या. दुसरी लग्न होऊन बालाघाटकडे गेली आणि तिने पुन्हा सोल्डरिंगला हात लावला नाही. रश्मीचा हात टिकला तो अंकुशमुळे. लग्नाला महिना होत नाही तोच त्याने कुठूनतरी जुनं टेबल आणलं, पायांखाली फळीचे तुकडे ठोकून त्याचं डुगडुगणं बंद केलं आणि भिंतीवर निळ्या रंगाने लिहिलं, ‘इथे मिक्सर, टीव्ही, बल्ब दूरूस्त होतात.’ रश्मी ते वाचून हसली, तर म्हणाला, “लोकं बल्ब घेऊन येतीन का शुद्धलेखन तपासाले येतीन?”

तो स्वतः लाखांदूरच्या रस्त्यावर एका खासगी गोदामात कामाला होता. गोदाम टेकचंदभाऊंचं. गावोगावचं धान तिथे यायचं, मोजलं जायचं, पोत्यांच्या थप्प्या लागायच्या. दिवसा अंकुश वजनकाट्यावर उभा असायचा आणि पाळी आली की रात्री आतच खाट टाकून पहारा द्यायचा.

माघातल्या थंडीत त्या गोदामाच्या कोपऱ्यातल्या बारदान्याने पेट घेतला. पेट घेतला म्हणणंही तसं बरोबर नाही, कारण जाळ असा उठलाच नाही. रिकामी पोती आतल्या आत धुमसत राहिली, ओली तणस धुमसते तशी, आणि चारी बाजूंनी बंद असलेलं गोदाम धुराने भरत गेलं. सकाळी हमाल आले तेव्हा शटरच्या फटींतून धूर बाहेर येत होता. अंकुश आत पालथा पडलेला होता. अंगावर एक फोड नाही, डोक्याचा केस करपलेला नाही. डॉक्टर म्हणाले, आगीने नाही, धुराने गेला. रश्मीला दाखवला तेव्हा नाकपुड्यांभोवती फक्त काळं होतं, काजळाचं बोट फिरवल्यासारखं. तिने ओढणीच्या टोकाने ते पुसायला घेतलं. कुणीतरी तिचा हात धरून मागे घेतला.

रडारड झाली ती इतरांची. रश्मीला वाटलं, आपल्याला उशिरा येईल. ते आलंच नाही.

तिची सासू बायजाबाई. नवरा तरुणपणीच गेलेला, धानाच्या बांधीत रोवणं-निंदणं करून एकुलत्या पोराला वाढवलेलं. बोलायला लागल्या की गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जायचा. त्यासुद्धा आता दिवसभर गप्प असायच्या, मात्र सकाळी चहाचा कप हातात घेतला की एक गोष्ट विचारायच्या.

“दार दिसलं नसन का वो त्याले?”

“का माहीत, आई,” रश्मी म्हणायची आणि टेबलाकडे जायची.

विचारण्यासारखंच होतं ते. खाट होती तिथून दार काही लांब नव्हतं. अशाच चार खाटा लागोपाठ मांडल्या तर दाराला टेकतील एवढंच अंतर. मोठ्या शटरमध्ये माणसाला ये-जा करायला एक छोटं दार होतं, ते नुसतं लोटलेलं होतं, कडीही नव्हती. त्यात हमालांनी पाहिलं तेव्हा आतला बल्ब चालू होता. आणि अंकुश सापडला तो दाराच्या उलट अंगाला, मागच्या भिंतीशी, दोन थप्प्यांच्या मध्ये.

यातून लोकांनी लावायचा तो अर्थ लावला. पानटपरीवर लावला, बसस्टँडवर लावला. “उजेड आहे, दार उघडं आहे, अन् माणूस उलटा जाऊन पडते? घेऊन असन गा.” अंकुश मुळीच पीत नव्हता असंही नव्हतं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, एखाद्या लग्नात मित्रांसोबत कधी बसायचा. त्यामुळे रश्मीला कुणाच्या तोंडावर ठासून ‘नाही’ म्हणता येईना. तपासणीचे नमुने नागपूरला गेले होते, त्याचं उत्तर यायचं होतं. येईल तेव्हा येईल. बोलणारे त्यासाठी थांबले नव्हते.

चैत्र लागला होता. शेजारची रीता आपला मिक्सर न्यायला आली, तेव्हा कुठे रश्मीला कळलं की तो रीताचा होता. रीता मनाने वाईट नव्हती, पण तोंडात आलेलं गिळायची तिला सवय नव्हती. मिक्सर कडेवर घेऊन ती उंबऱ्यात घुटमळली.

“तुले राग येईन, पण लोकं म्हणतेत ते मी नाई म्हणत हो. आमच्या घरचे म्हणतेत, बल्ब चालू असल्यावर धुरात बी दार दिसतेच. आमच्या घरी चुलीचा का कमी धूर होते? पण दिसाचं बंद होते का कधी?”

रश्मीला राग आला नाही. ती रीताकडे पाहत राहिली. तिच्या मनात एकच गोष्ट आली, आणि ती दुःखाची नव्हती, कामाची होती. चुलीचा धूर आणि बारदान्याचा धूर सारखा कसा? किती धूर? ‘धूर’ एवढं म्हणून काय कळतं? कपड्याचं माप असतं, दुधाचं असतं, विजेचं असतं. धुराचंही काहीतरी माप घेता येईलच की.

त्या दुपारी तिने जुन्या सुट्या भागांचं खोकं उपसलं. तिला पाहिजे होतं ते साधंच होतं. एका बाजूने उजेड सोडायचा, दुसऱ्या बाजूला तो किती पोचतो ते पाहायचं. मधे धूर आला की उजेड अडणार. जितका धूर दाट, तितका उजेड कमी पोचणार. जुन्या बल्बच्या पट्टीवरून तिने एक पांढरी एलईडी काढली. उजेड पाहून आपला रोध बदलणारी बटणाएवढी चकती, जिला दुकानात एलडीआर म्हणतात, ती एका निकामी झालेल्या रस्त्यावरच्या दिव्यातून मिळाली. संध्याकाळ झाली की दिवा आपोआप लागतो तो हिच्यामुळेच. पाण्याचा हातभर प्लास्टिकचा पाईप आतून काळ्या रंगाने रंगवला. एका तोंडाला एलईडी बसवली, दुसऱ्या तोंडाला चकती, आणि दोन्ही तोंडं पक्की बंद केली. मधे दोन ठिकाणी प्लंबर लावतात तसे टी जोडले, तोंडं जमिनीकडे करून, म्हणजे धूर आत शिरेल पण बाहेरचा उजेड शिरणार नाही. चकतीच्या तारा काट्याच्या मीटरला जोडल्या. पूर्ण उजेड पोचला की काटा उजव्या टोकाला जाणार, अडत गेला की डावीकडे कलत येणार.

पहिल्याच दिवशी जमलं असं झालं नाही. उदबत्ती खाली धरली तर काटा हलेचना. धूर पाईपच्या बाहेरूनच वर निघून जात होता. मग तिने मोडक्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा एका टीला लावला. तो धूर ओढून आत घेऊ लागला. दुसऱ्या दिवशी काटा आपला आपणच खाली येत राहिला, धूर नसताना. तेव्हा लक्षात आलं की बॅटरी उतरत चालली आहे, एलईडीच मंद होते आहे. तिने विजेचा दाब सारखा ठेवणारी चिप मधे टाकली. बायजाबाईंनी पेज शिजायला ठेवली होती, तिच्या वाफेनेही काटा पडला. हे मात्र यंत्राचं चुकत नव्हतं. वाफही उजेड अडवतेच. रश्मीने ते समजून घेतलं आणि पाईप स्वयंपाकघराच्या बाहेर नेला.

बायजाबाई ओसरीच्या कडेला बसून हे सगळं पाहत होत्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, “हे का करून राहिली?”

“धूर मोजाचा आहे.”

“कायले?”

“दार दिसत होतं का नाई, ते पाहाले.”

बायजाबाई उठून आत गेल्या आणि घरात होती नव्हती ती सगळी रिकामी पोती आणून तिच्यापुढे टाकली.

घराच्या मागे गुरांचा कोठा होता. गाय मागच्याच वर्षी विकली होती, कोठा रिकामाच होता. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, लांबी बरीच. दोघींनी मिळून कवेलूंखालच्या फटी चिंध्या कोंबून बंद केल्या. आत गोदामात असतो तसा बल्ब लावला. पलीकडच्या टोकाला, जितकं अंतर खाटेपासून दारापर्यंत होतं तितकं राखून, दोन विटांवर एक मडकं ठेवलं आणि त्याला चुना फासला. अलीकडच्या तोंडाला, जिथून आत जायचं, तिथे वरपासून खालपर्यंत प्लास्टिकची पारदर्शक पन्नी ताणून बांधली. रश्मी पन्नीबाहेर उभी राहून आत पाहणार होती. पाईप तिने आड्यावरून दोरी टाकून टांगला, अंकुश उभा राहिला तर त्याचं डोकं येईल त्या उंचीला. त्या उंचीला दोरीची गाठ मारताना बायजाबाई म्हणाल्या, “अजून उलीसा वर घे. तुह्यापेक्षा वितभर उंच होता.” रश्मीने उलीसा वर घेतला.

एका लोखंडी घमेल्यात थोडे निखारे, त्यावर ओलसर केलेली पोती. घमेलं आत सरकवलं आणि पन्नी खालून विटांनी दाबली. बायजाबाई पाण्याची बादली घेऊन जमिनीवरच बसल्या, काही झालं तर असू द्यावं म्हणून. ऊन डोक्यावर आलेलं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

आधी काहीच झालं नाही. मग पोत्यांतून पिवळट-पांढरा धूर निघू लागला, सरळ वर गेला, कवेलूंना लागला आणि तिथेच पसरला. मीटर रश्मीच्या हातात होतं. काटा जागचा हलला, थांबला, मग सरकू लागला. ती एकदा काट्याकडे पाही, एकदा मडक्याकडे. मडकं आधी पांढरं होतं, मग मातकट झालं, मग त्याच्या कडा पुसल्या गेल्या. बल्ब मात्र दिसत होता. खरं तर आता बल्बच तेवढा दिसत होता. सगळ्या धुरात त्याचा उजेड भरून राहिला होता, जिकडे पाहावं तिकडे सारखाच उजळ, आणि त्या उजळपणात कुठे काय आहे ते कळत नव्हतं. तिला वाटलं होतं, धूर म्हणजे अंधार असणार. हा तर उजेड होता. आणि मग मडकं गेलं.

काटा अजून पूर्ण पडलाही नव्हता. अर्ध्याच्या जरा खाली होता. तिने जवळची नेलपॉलिशची बाटली उघडून मीटरच्या काचेवर तिथे एक लाल ठिपका दिला.

“आई, गेलं. दिसत नाई आता.”

“का दिसत नाई?”

“मडकं.”

“मले तर दिसून राहिलं,” बायजाबाई म्हणाल्या.

रश्मीला वाटलं, ऊन लागलं असेल, नाहीतर ऐकण्यात चूक झाली असेल. “कुठं?”

“ते का समोर. बूड दिसून राहिलं, खालच्या दोनी विटा दिसून राहिल्या. तुले नाई दिसत?”

रश्मी खाली बसली. खरंच होतं. धूर कमरेपर्यंतच उतरला होता आणि तिथे त्याची सरळ कड तयार झाली होती, जशी भरल्या तळ्याची असते, फक्त उलटी. त्या कडेच्या खाली सगळं स्वच्छ होतं. शेणाने सारवलेली जमीन दिसत होती, गाईच्या दाव्याचा खुंटा दिसत होता, पार पलीकडे मडक्याचं पांढरं बूड दिसत होतं. ती उभी राहिली, काही नाही. बसली, सगळं.

तिने पन्नीबाहेर आणलेलं दोरीचं टोक ढिलं करून पाईप हळूहळू खाली घेतला. गुडघ्याच्या उंचीला येताच काटा लाल ठिपका ओलांडून उजवीकडे निघून गेला, जणू कोठ्यात धूरच नव्हता. वर ओढला, पडला. पुन्हा खाली, पुन्हा वर. बायजाबाई काट्याकडे पाहत होत्या. मीटर कसं वाचायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण एवढं कळायला सांगावं लागत नाही.

“म्हणजे तो उठला होता,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“उठून उभा राहिला.”

“हो, आई.”

“पिऊन पडला असता तर उठलाच कायले असता?”

 दोघी तशाच पाहत राहिल्या. धुराची कड खाली खाली येत होती, पण सावकाश. मडक्याचं बूड गेलं, मग विटा गेल्या, शेवटी खुंटाही गेला. तेवढा वेळ रश्मीने मनात मोजला नाही, आणि तरी तिला ठाऊक होतं. तेवढ्या वेळात माणूस रांगत दारापर्यंत गेला असता. परत आत येऊन चप्पल घेऊन गेला असता.

हे तिने बोलून दाखवलं नसतं. पण बायजाबाईच बोलल्या. पन्नीकडे पाहतच बोलल्या.

“रांगत गेला असता तर वाचला असता ना वो?”

“बहुतेक.”

“कोण रांगते?” बायजाबाई म्हणाल्या. “झोपेतून दचकून उठलेला माणूस रांगते का कधी? तो उभाच राहते. मी बी उभीच राहिली असती. तू बी.”

“मी बी,” रश्मी म्हणाली.

उभा राहिला, डोकं धुरात गेलं, डोळे झोंबले. हाताला थप्पी लागली. दाराकडच्या बाजूलाही थप्पी होती आणि मागच्या बाजूलाही होती. पोत्याला हात लावून कुणाला कळतं ती कुठली? ती धरून तो चालत गेला, जिकडे दार आहे असं वाटलं तिकडे. रश्मीला हे सगळं समोर दिसलं. दिसूनही आत कुठे काही हललं नाही, आणि आपल्यात काही हलत नाही याचीच तिला जरा भीती वाटली. तिने पन्नी सोडली, बादलीतलं पाणी घमेल्यावर ओतलं. पाईप उघडला तर एलईडीवर तपकिरी थर बसला होता. तिने तो कापसाने पुसला. अंघोळ केली तरी केसांना दोन दिवस वास राहिला.

आठवडाभराने तो पाईप पिशवीत घालून ती गोदामावर गेली.

टेकचंदभाऊ तिला पाहून खुर्चीतून अर्धे उठले. भांडायला आली असं त्यांना वाटलं असणार. पोलिसांनी पिण्याबद्दल विचारलं होतं तेव्हा “मला काही माहीत नाही” एवढंच ते म्हणाले होते. खोटं बोलले नव्हते, पण त्या एवढ्याशा उत्तराने लोकांना जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. हे त्यांनाही ठाऊक होतं.

“बस, बाई. का पायजे तुले?”

“वर छताजवळ एक खुंटी पायजे,” रश्मी म्हणाली. “अन् तुमच्या खोलीपर्यंत वायर टाकाची आहे.”

तिने त्यांना पाईप दाखवला. आता त्याला मीटर नव्हतं. उजेड ठरल्यापेक्षा कमी झाला की भोंगा वाजेल अशी जोडणी तिने केली होती, आणि तो कधी वाजायचा हे ठरवायला लाल ठिपक्याची जागा वापरली नव्हती. त्याच्या बरीच अलीकडची वापरली होती. मडकं दिसेनासं झाल्यावर भोंगा वाजून काय उपयोग? मडक्याच्या कडा पुसट व्हायच्या आधीच तो वाजायला हवा.

टेकचंदभाऊंनी ऐकून घेतलं. मग खाली पाहत म्हणाले, “अंकुश चांगला पोरगा होता.”

“हो,” रश्मी म्हणाली. “शिडी आहे का?”

पहिल्या आठवड्यात त्या भोंग्याने सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. धानाचा ट्रक खाली व्हायला लागला की धूळ उडे आणि भोंगा कोकले. हमालांनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा वायर उपटून फेकली. टेकचंदभाऊंनी निरोप धाडला, “बाई, तुह्या यंत्रानं जीव नको केला.” रश्मी शिडीवर चढून पाईप काढून घेऊन आली. टीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा लावला. आणि उजेड क्षणभर अडला तर भोंगा गप्प राहील, अडलेलाच राहिला तरच वाजेल, अशी सोय केली. धुळीचा लोट येतो आणि बसतो. धूर बसत नाही. त्यानंतर भोंगा उगाच वाजला नाही. महिन्यातून एकदा पाईप आतून पुसायचा, हे काम रात्रीचा नवा पहारेकरी जागेश्वर याच्याकडे आलं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, स्वभावाने गरीब माणूस. खाट मात्र त्याने आता दाराशी घेतली होती.

यंत्र बसलं, तरी रश्मी निघेना. हमाल दुपारची भाकर खाऊन सावलीला बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“भोंगा वाजला तर का कराचं?” तिने विचारलं.

“पळाचं,” एकजण म्हणाला. बाकीचे हसले.

“पळाचं नाई. उभंच राहाचं नाई. उठलात का डोकं धुरात जाते, मंग दार दिसत नाई. बल्ब चालू असला तरी नाई दिसत.” ती थांबली. समोरचे हसायचे थांबले होते. बल्बाचं टपरीवर बोललेले त्यांच्यातही होतेच. “धूर वर राहते, हवा खाली राहते. खाटेवरून खाली लोळाचं, पोटावर. अन् सरपटत भिंतीशी जाऊन एक हात भिंतीले लावून ठेवाचा, तो सोडाचा नाई. दार येतेच.”

“कसं म्हनता?” जागेश्वरने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

तेव्हा रश्मीने ओढणी कमरेला बांधली आणि दाराशी असलेली त्याची खाट आत अंकुशच्या जागी ओढून नेऊन तिच्यावर आडवी झाली. डोळे मिटले. खाली लोळली आणि कोपरांवर, पोटावर सरकत निघाली. जमिनीवर धानाची कुसळं पसरली होती, ती तळहाताला टोचत होती. दोन्ही बाजूंना थप्प्या. हाताला आधी पोतं लागलं, मग सिमेंटची भिंत. भिंत धरून ती सरकत राहिली. कुठेतरी मधे तिला वाटलं की आता काहीतरी होईल, छातीत काहीतरी फुटेल, इथेच, या जमिनीवर. ती त्याची वाट पाहत सरकत राहिली. काही झालं नाही. बोटांना दाराची पत्र्याची चौकट लागली आणि उन्हाने डोळ्यांपुढे लाल झालं.

ती उठली, कपडे झाडले. “आता तुमी, भाऊ.”

जागेश्वर लाजला, इकडेतिकडे पाहिलं, मग आत जाऊन पोटावर पालथा झाला. डोळे मिटून निघाला आणि मधेच वजनकाट्याच्या लोखंडी पायावर त्याचं टाळकं आपटलं. हमाल फिदीफिदी हसले. पण मग एकेक करून तेही आत गेले. टेकचंदभाऊ खोलीच्या दारातून पाहत होते. त्यांचंही पोट मोठं होतं, त्यांना कुणी सांगितलं नाही.

पावसाळा संपता संपता नागपूरहून उत्तर आलं. अंकुशच्या पोटात दारूचा अंश सापडला नव्हता. पोलीस ठाण्यातून बोलावून तिला ते वाचून दाखवलं. रश्मीने ऐकलं, सही केली. टपरीवरच्या लोकांना तोवर बोलायला दुसरं काही मिळालं होतं. त्यांनी काय म्हटलं होतं तेही त्यांना आठवत नसावं. दिघोरीकडच्या एका गोदामवाल्याने असाच पाईप मागितला, मग आणखी एकाने. रश्मीने करून दिले. बसवायला गेली की आधी सगळ्यांना जमिनीवर सरपटायला लावायची, मगच भोंगा जोडायची. तिची ही अट लोकांना विचित्र वाटायची, पण ते करत.

दिघोरीहून परत आली त्या संध्याकाळी बायजाबाई ओसरीत बसल्या होत्या. तिथल्या गोदामाचा धनंजय नावाचा दिवाणजी सरपटताना पोत्यात अडकला आणि त्याला चौघांनी पाय धरून मागे ओढून काढला, हे रश्मीने त्यांना सांगितलं. काही सांगायचं म्हणून सांगितलं. बायजाबाईंना हसू आलं. पहिल्यांदा नुसता श्वास सुटल्यासारखं, मग मोठ्याने. हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि त्या रडायला लागल्या. महिनोन्‌महिने साठलेलं ते रडणं होतं, गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल. “माह्या पोरा,” त्या म्हणत होत्या, “बसाचं होतं रे उलीसा, खाली बसाचं होतं.”

रश्मी त्यांच्याजवळ बसली. त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तिला रडू आलं नाही. खांदा ओला होत होता ते कळत होतं, त्यांच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास येत होता तोही कळत होता. त्या शांत होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग उठली, हातपाय धुतले आणि दोघींपुरता भात टाकला.